लुकलुक्याचा खरा स्वभाव

रेडिओ दुर्बिणीवर काम करते असं म्हटलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "मग काय काय दिसतं?" खरं उत्तर असं की, काही दिसत नाही. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण दुर्बिणीला डोळा म्हणून मी कधी लावलेला नाही. आमच्या दुर्बिणीला डोळा लावायची जागाच नाही. नेदरलँड्सच्या उत्तरेला एका माळावर लोखंडी जाळीच्या प्रचंड पराती एका ओळीत आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. वरून येणाऱ्या रेडिओलहरी त्या गोळा करतात, आणि आमच्या कार्यालयात आकड्यांच्या रांगा येऊन पडतात. त्या आकड्यांतला कचरा काढणं हे माझं काम. कचरा म्हणजे विमानं, उपग्रह, गोठ्याच्या कुंपणातली वीज, कुणाच्या तरी दारावरची बिघडलेली घंटा. तांदूळ निवडतात तसंच. फक्त आमच्याकडे तांदळापेक्षा खडे जास्त.

आईला फोनवर हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे निवडायचंच काम."

"हो."

"त्याला एमेस्सी लागतं?"

"लागतं."

"चांगलं आहे," ती म्हणाली. "पगार वेळेवर देतात ना?"

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील बार्शीला एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये आचारी होते. माझा बीएस्सीचा निकाल लागला तेव्हा त्यांनी गुणपत्रिका प्लास्टिकमध्ये घालून गल्ल्याच्या मागे दरपत्रकाशेजारी लावली होती. गिऱ्हाइकं मिसळीचा भाव बघता बघता माझे भौतिकशास्त्राचे मार्क वाचायची. कुणी हसायचं, कुणी वडिलांना जास्तीचा चहा सांगायचं. मला त्याची लाज तेव्हा वाटली नाही, आता तर अजिबात वाटत नाही.

लग्नानंतर नवऱ्याच्या चिपच्या कंपनीतल्या नोकरीमुळे इथे, नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरात आले. राहण्याच्या परवान्यावर मी 'अवलंबित' होते. पहिले काही हिवाळे मी खिडकीत बसून शेजाऱ्यांच्या सायकली मोजल्या, मग डच शिकले, मग अर्ज केले, आणि एका संशोधन संस्थेने मला घेतलं. संस्थेचं नाव सांगत नाही. का, ते पुढे कळेलच. पहिल्या दिवशी मी प्राध्यापकांना 'सर' म्हटलं, तर ते मागे वळून पाहायला लागले, कोण आलं म्हणून. इथे सगळ्यांना नावाने हाक मारायची आणि तू म्हणायचं. मला ते जमायला फार वेळ लागला. नंतर इतकं जमलं की बार्शीला गेल्यावर माझ्या जुन्या सरांना अरे-तुरे करता करता वाचले.

हे प्राध्यापक म्हणजे हेंक. उंच, वाकलेले, निवृत्तीला टेकलेले, आणि लुकलुक्याचे पालक.

लुकलुक्या हे नाव माझं. कागदोपत्री त्याला लांबलचक आकडा होता. एकदा जेवताना माझ्या तोंडून 'लुकलुक्या' निघालं आणि डच, इटालियन सगळ्यांच्या जिभेला ते आवडलं. तेव्हापासून पाहुणे आलेले विद्वान लोकही बैठकीत गंभीर चेहऱ्याने "आता लुकलुक्याकडे वळू या" म्हणायला लागले.

तर आकाशातले बहुतेक रेडिओस्रोत म्हणजे फार फार दूरच्या आकाशगंगा. त्या अगदी संथ असतात. आज जेवढी ताकद मोजली तेवढीच पुढच्या वर्षी. लुकलुक्याचं तसं नव्हतं. सकाळी चढलेला, जेवणाच्या सुट्टीत उतरलेला, चहाला पुन्हा वर. एवढी अवाढव्य वस्तू काही तासांत कमी-जास्त होईलच कशी? त्याचा खरा स्वभाव काय, एवढाच आमचा प्रश्न होता. त्यावर दोन पक्ष होते.

हेंकचा पक्ष म्हणायचा, तो स्वतःच चंचल आहे. त्याच्या पोटात कृष्णविवर आहे, ते घास गिळतं, आणि घशात अडकला की ठसका लागतो.

दुसरा पक्ष पाओलोचा. पाओलो इटलीचा, माझ्या समोरच्या टेबलावर बसणारा, सतत भूक लागलेला. तो म्हणायचा, लुकलुक्या बिचारा शांतच आहे, मध्ये ढग आहे. तारे लुकलुकतात ते आपल्या हवेमुळे हे आपण शाळेत शिकलो, तसंच हे. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत विद्युतभारित वायूचे विरळ ढग असतात. स्रोत पुरेसा बारीक दिसत असेल तर असा ढग आडवा आला की तो लुकलुकतो.

आता कुठलाही वाद इथे बैठकीत मिटवतात. मतदान नाही, हुकूम नाही; सगळ्यांचं एकमत होईपर्यंत कॉफी प्यायची. लुकलुक्यावर अशा कितीतरी बैठका झाल्या. शेवटी एकदा सगळे थकल्यावर ठराव झाला की लुकलुक्या साठ टक्के ढगामुळे आणि चाळीस टक्के स्वतःहून लुकलुकतो असं धरावं. मी म्हटलं, "अहो, पण तो आपल्या बैठकीला नव्हता." सगळे हसले. ठराव तसाच राहिला.

मग पाओलोच्या बाजूने एक जबरदस्त पुरावा आला. दर वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी काही आठवडे लुकलुक्या शांत व्हायचा. अगदी झोपल्यासारखा. मग पुन्हा जागा. हा पुरावा का, ते सांगते. एसटीच्या खिडकीतून बघताना शेजारून ट्रक आपल्याच वेगाने जात असेल तर तो जागीच उभा असल्यासारखा वाटतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना वर्षातून एकदा त्या ढगाच्या बरोबरीने, त्याच दिशेने जाते. तेव्हा ढग जणू थांबतो आणि लुकलुक मंदावते. स्रोत स्वतः चंचल असता तर त्याला आपल्या पृथ्वीची वार्षिक रजा कशी कळणार? हेंक दिलदार माणूस. त्यांनी आपले चाळीस टक्के सोडून दिले.

या वार्षिक झोपेवर आनेकाने प्रबंध लिहायला घेतला. आनेका हेंकची विद्यार्थिनी, एका दूधवाल्या शेतकऱ्याची मुलगी, लाल गालांची, मोठ्याने बोलणारी. तिच्याही घरात विद्यापीठात आलेली ती पहिलीच. आमची गट्टी त्यावरूनच जमली. तिचे वडील दर थोड्या दिवसांनी तिला फोन करून विचारायचे, "तो झोपलाय का जागा आहे?" गाभण गाईची चौकशी करावी तशी. आनेकाने झोपेच्या काळावरून ढगाचा वेग काढला, अंतर काढलं, आकारही काढला. प्रबंधाचं चौथं प्रकरण, 'वार्षिक विश्रांती', हे सगळ्यांच्या मते रत्न होतं. पदवीनंतरची नोकरीही तिला परदेशातल्या एका वेधशाळेत कबूल झाली होती, पदवी हातात असल्याच्या अटीवर.

इथे आणखी एक सांगायला हवं. या देशात ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा असतो, आणि बाकीच्यांनी फक्त त्याचंच नाही, तर त्याच्या आईबापांचं, बायकोचं, शेजाऱ्याचंही अभिनंदन करायचं असतं. लुकलुक्या सापडला तो दिवस त्याचा वाढदिवस मानला जायचा. त्याला स्वतः केक आणणं शक्य नसल्यामुळे हेंक आणायचे, आणि आम्ही एकेक जण जाऊन हेंकशी हात मिळवायचो, "लुकलुक्याबद्दल अभिनंदन." मी पहिल्या वर्षी हे चेष्टेत केलं. दुसऱ्या वर्षीपासून मनापासून.

हा वाढदिवस झोपेच्या काळानंतर, लुकलुक्या उठला की लगेच यायचा. त्या वर्षी तो जवळ आला, पण लुकलुक्या उठलाच नाही.

पहिला आठवडा कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या आठवड्यात पाओलो जेवायचा कमी झाला. आलेख सरळ, वहीच्या रेघेसारखा. आनेकाचा प्रबंध तोपर्यंत छापून आला होता. इथे प्रबंध आधी पुस्तकासारखा छापतात, नातेवाइकांना, मित्रांना वाटतात, आणि नंतर परीक्षा होते. खोक्यांची चळत तिच्या टेबलाशेजारी उभी होती. तारीख ठरलेली, सभागृह ठरलेलं, वडिलांनी पाहुण्यांसाठी आपल्या गोठ्याशेजारी मांडव सांगितलेला.

बैठक झाली. पाओलो म्हणाला, "ढग पुढे निघून गेला असेल. असं होतं."

हेंक म्हणाले, "किंवा तो गेला असेल."

"कोण?"

"लुकलुक्या."

मग कुणीतरी अडचणीचा प्रश्न काढला, की उद्या वाढदिवस आहे, त्याचं काय करायचं? गेलेल्याचा वाढदिवस करावा की नाही यावर आमच्या संस्थेत, करदात्यांच्या पैशाने, सकाळभर चर्चा झाली. एकमत असं झालं की केक आणावा, पण मेणबत्ती लावू नये.

या सगळ्या काळात विम नव्हता. विम आमचा दुर्बीणचालक. तिकडे माळावर बसून पराती कुठे वळवायच्या ते तो बघायचा. दर वर्षी उन्हाळ्यात कॅराव्हॅन गाडीला जोडून फ्रान्सला जायचा. त्या वर्षी तिथे सायकलवरून पडला, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि आजारपणाच्या रजेवर गेला. आजारी माणसाला कामाबद्दल काही विचारायचं नाही, हा इथला कडक दंडक आहे. फुलं पाठवायची, कार्ड पाठवायचं, पण "अमुक कुठे ठेवलंय?" एवढंही विचारायचं नाही. त्याच्या जागी आलेल्या बदली माणसाला विमने एकच सूचना ठेवली होती, कशालाही हात लावू नको. त्याने ती प्राणपणाने पाळली.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी विम काठी टेकत माळावर कामावर रुजू झाला. आणि त्याच दुपारी आलेख उसळला. वर, खाली, पुन्हा वर. आमचा लुकलुक्या! पाओलो टेबलावर चढला. हेंकनी चष्मा काढून डोळे पुसले. उरलेला केक फ्रिजमधून बाहेर आला आणि या खेपेला मेणबत्ती लावण्यात आली. आनेका मला घट्ट मिठी मारून नाचत होती. विमचंही लुकलुक्याबद्दल अभिनंदन करायला त्याला फोन लावला, स्पीकरवर. मी विचारलं, "विम, गुडघा कसा आहे?"

"गुडघा झकास. काय गडबड आहे तिकडे?"

"लुकलुक्या उठला!"

"वा," विम म्हणाला. "मी आल्या आल्या पट्टी बदलून टाकली. तो बदली पोरगा तीच दूरची वापरत बसला होता इतके दिवस."

आनेकाच्या हातातला केक तोंडाशी गेला तो तिथेच थांबला.

आता पट्टी म्हणजे काय, ते सांगते. सगळी मेख तिथेच आहे. आकाशातल्या स्रोताची ताकद थेट मोजता येत नाही. यंत्रं तापतात, निवतात, हवा बदलते. म्हणून दर थोड्या वेळाने दुर्बीण एखाद्या ओळखीच्या, खात्रीच्या स्थिर स्रोताकडे वळवायची, आणि आपला स्रोत त्याच्या किती पट आहे ते बघायचं. कापड गजाने मोजतात तसं. आमची पट्टी हेंकनी तरुणपणी निवडली होती. तेव्हा त्यांनी ती तपासली होती आणि तेव्हा ती खरोखर स्थिर होती. लुकलुक्याच्या जवळ असल्याने फक्त त्याच्यासाठी सोयीची. पण उन्हाळ्याच्या शेवटी सूर्य तिच्या अगदी शेजारून जायचा, म्हणून त्या आठवड्यांपुरती विम सुट्टीवर जाताना दुसरी, दूरची पट्टी लावून जायचा. सूर्य पुढे सरकला की पुन्हा जवळची. जवळच्या पट्टीने पराती कमी फिरतात, काम लवकर आटपतं, आणि विमला सहाला घरी जेवायला जाता येतं. कुठली पट्टी लावली हे आकड्यांबरोबर यायचंही, पण औषधाच्या खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागद कोण वाचतं?

आनेकाने केक खाली ठेवला. "विम," ती अगदी हळू म्हणाली, "परत ती दूरची लाव बरं."

"आत्ता?"

"आत्ता."

थोड्या वेळाने आलेख सरळ झाला. लुकलुक्या गाढ झोपला.

"आता जवळची."

आलेख उसळला.

"झोपव."

झोपला.

"उठव."

उठला.

लहान पोर दिव्याच्या बटणाशी खेळतं तसा हा खेळ संध्याकाळपर्यंत चालला. हेंक खुर्चीवर बसून होते. मेणबत्ती केव्हाच विझली होती. पलीकडून विम म्हणाला, "मला जेवायला जायचंय. पण एक सांगा, म्हणजे हा चंचल कोण? मी?"

तू नाही बाबा, पट्टी. लुकलुक्या आयुष्यात कधी लुकलुकलाच नव्हता. लुकलुकत होती ती पट्टी. पट्टी चढली की तिच्याशी तुलना करून लुकलुक्या उतरलेला दिसायचा, पट्टी उतरली की तो चढलेला. वर्षातले काही आठवडे खरी स्थिर पट्टी लावल्यावर तो जसा आहे तसा दिसायचा, म्हणजे शांत, आणि त्याला आम्ही झोप म्हणायचो. पृथ्वी, ढग, ट्रक, एसटी, सगळं व्यर्थ. चौथ्या प्रकरणात आनेकाने अत्यंत काटेकोरपणे मोजलेला काळ म्हणजे विमने एक पट्टी काढून दुसरी लावण्यापासून पुन्हा पहिली लावण्यापर्यंतचा काळ होता.

दुसऱ्या दिवशीची बैठक मी विसरणार नाही. परीक्षा तोंडावर आलेली. पुस्तकांची खोकी भिंतीशी.

हेंक म्हणाले, "माझं मत, परीक्षा ठरल्याप्रमाणे होऊ दे. पदवी काम करण्याच्या कुवतीला देतात. कुवत तर सिद्ध झालीच आहे. चूक नंतर शांतपणे एका लेखात दुरुस्त करू."

पाओलो म्हणाला, "किंवा परीक्षा पुढे ढकला. नवीन प्रबंध, एखादं वर्ष."

"आणि नोकरी?" आनेका म्हणाली. "ती एक वर्ष माझी वाट बघत बसेल?"

मग ती माझ्याकडे वळली. "तू सांग. तू तोंडावर बोलतेस."

मी म्हटलं, "मला विचारशील तर, खोटं पुस्तक हातात धरून तू उभी राहू शकणार नाहीस. तुझे गाल आत्ताच बघ. परीक्षा घेणाऱ्या समितीच्या पहिल्या प्रश्नाला तू सगळं ओकशील. मग आधीच सांगून टाक."

"सांगितलं तर पदवी जाईल."

"जाईलही."

"तुला काय जातंय म्हणायला!" ती ओरडली. "माझ्या बाबांनी गावातल्या निम्म्या लोकांना बोलावलंय. आमच्या घरात आजवर कोणाच्या नावापुढे काही लागलेलं नाही."

"आमच्याही नाही लागलं," मी म्हटलं. "म्हणून तर खरं लागावं असं वाटतं."

तिने प्रबंध उघडला आणि टेबलावर आपटला. मग आम्ही सगळे त्या उघड्या पानाकडे बघत राहिलो. शेजारी मी सकाळी इतर कामांच्या जुन्या आकड्यांतून काढलेला, त्याच तारखांचा नवीन आलेख पडला होता: आमची पट्टी, दूरच्या स्थिर पट्टीने मोजलेली. म्हणजे खरी लुकलुकणारी. पाओलो आनेकाच्या बरोबर समोर बसला होता. त्याला तिचं पुस्तक उलटं दिसत होतं.

"हे दोन्ही एकच आहेत," तो म्हणाला.

"कुठले दोन्ही?"

"इकडून बघ ना! इकडे ये!"

आम्ही सगळे टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला गेलो. पुस्तक उलटं धरलं की लुकलुक्याचा प्रत्येक चढ उतार होत होता आणि उतार चढ. आणि तसं झालं की तो थेट पट्टीचा आलेख, तेच डोंगर, त्याच दऱ्या. त्याचं कारण साधं होतं: एक वर गेला की दुसरा खाली. आनेकाने चार वर्षं जे मोजलं होतं ते खरंच होतं. फक्त ते दुसऱ्याच कुणाबद्दल होतं, आणि उलटं. डावी बाजू उजवी होते म्हणून काळही मागे चालायचा, एवढी एक अडचण. पण पान खिडकीच्या काचेवर धरून मागून बघितलं की तीही सुटत होती. हेंक खिडकीशी उभे राहून, पान काचेला लावून, कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पाओलो, ढग आहेच. फक्त आपण बघत होतो त्याच्यासमोर नाही. पट्टीसमोर." माझ्या माहितीत हेंकनी दुसऱ्यांदा हार मानली ती इथे, आणि या वेळी चेहरा उजळलेला होता.

पुस्तकं पुन्हा छापायला वेळ नव्हता. पण छापील प्रबंधात चुकांची एक चिठ्ठी घालायची इथे पद्धत आहे. सहसा तिच्यात एखादा स्वल्पविराम असतो. आमच्या चिठ्ठीत तीन ओळी होत्या. जिथे जिथे स्रोत म्हटलं आहे तिथे पट्टी वाचावी, आणि पट्टी म्हटलं आहे तिथे स्रोत. सर्व आलेख उलटे धरून, पानाच्या मागून, उजेडाकडे करून पाहावेत. चौथं प्रकरण वाचू नये. मी, पाओलो आणि आनेका, तिघांनी बसून प्रत्येक पुस्तकात ही चिठ्ठी घातली. घालताना आधी हसू येत होतं, मग येईना. तीन ओळींत चार वर्षं उलटी झाली होती.

परीक्षेचा दिवस आला. इथे उमेदवाराच्या दोन्ही बाजूंना दोन सोबती उभे करतात. जुन्या काळी म्हणे भर सभेत मारामारी झाली तर उमेदवाराला वाचवायला. आनेकाचे सोबती पाओलो आणि मी. पाओलोने भाड्याचा शेपटीवाला कोट घातला होता. मी जांभळी पैठणी नेसले. मराठी सगळं समजणारी आणि डचमध्ये उत्तर देणारी माझी लेक दारातून बघत म्हणाली, "ममा, नाटकात आहेस का तू?" मी म्हटलं, "हो."

सभागृहात काळे झगे घातलेले प्राध्यापक रांगेत बसले. समोर गाव. पुढच्या ओळीत आनेकाचे वडील कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, त्यांच्या मागे विम, काठी गुडघ्याला टेकवून. समितीच्या अध्यक्षांनी मला चिठ्ठी मोठ्याने वाचायला सांगितली. माझ्या बार्शीच्या डचमध्ये मी ती वाचली. दुसरी ओळ वाचल्यावर सभागृहात असा आवाज झाला की जणू पाखरांचा थवा उठला. सगळ्या प्राध्यापकांनी पुस्तकं उघडून उलटी केली, पानं उचलली आणि खिडकीच्या उजेडाकडे धरली. झग्यांच्या बाह्या कोपरापर्यंत घसरल्या. एकाचा चष्मा पडला. त्यांचं पाहून गावानेही तेच केलं. शंभरेक माणसं छताकडे पुस्तकं उलटी धरून बसलेली. आनेका मधोमध उभी, गाल पेटलेले.

समितीत दक्षिणेकडून आलेल्या एक वयस्क बाई होत्या. त्या अजिबात हसल्या नव्हत्या. त्यांनी पुस्तक खाली घेतलं.

"उमेदवार, चौथं प्रकरण वाचू नये असं तुम्ही म्हणता. मी वाचलं. सुंदर आहे. त्यात नेमकं काय सिद्ध होतं?"

आनेका म्हणाली, "आदरणीय प्राध्यापक, त्यात सिद्ध होतं की आमचे सहकारी विम दर वर्षी न चुकता पट्टी बदलतात."

सभागृह हसलं. विम लाल झाला, पण ताठ बसला. बाई तशाच.

"म्हणजे तुमच्या हाती जी वस्तू होती ती मुळात काय आहे?"

"एक साधी, जुनी, शांत आकाशगंगा."

"काही विशेष?"

"काहीही नाही."

मला त्या क्षणी वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्याचा केक खाल्ला त्याच्याबद्दल असं ऐकायचं. पण ते खरं होतं.

"मग माझा शेवटचा प्रश्न," बाई म्हणाल्या. "हे तुम्हाला आजच्या तारखेनंतर कळलं असतं तर आम्ही तुम्हाला चुकीच्या प्रबंधाला बिनबोभाट पदवी दिली असती. आता तुम्ही स्वतःच चूक पुढे ठेवली आहे. आम्ही आज पदवी नक्की कशाला द्यावी?"

आनेकाने श्वास घेतला. "कारण," ती म्हणाली, "मी..."

आणि दार उघडलं. परीक्षेची वेळ संपली की इथे झगा घातलेला एक माणूस उंच काठी घेऊन आत येतो, काठी जमिनीवर आपटतो आणि लॅटिनमध्ये वेळ संपल्याचं ओरडतो. मग वाक्य अर्धं असलं तरी तोंड मिटायचं. त्याने काठी आपटली. आनेकाने तोंड मिटलं. समिती उठून विचाराला आत गेली.

आम्ही तिघं तिथेच उभे. मी हळूच विचारलं, "काय सांगणार होतीस?"

"माहीत नाही," ती म्हणाली.

तिचे वडील पुढच्या ओळीतून माझ्याकडे बघत होते. त्यांनी भुवया उंचावल्या, म्हणजे होईल का? मी खांदे उडवले. त्यांनी मान हलवली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. समिती नेहमीपेक्षा जास्त वेळ आत होती. मागून कुजबुज वाढली. विमने एकदा घड्याळ पाहिलं आणि मग, मी पाहिलं, मनगट बाहीत लपवलं.

दार उघडलं. सगळे उभे राहिले. अध्यक्ष गुंडाळी हातात घेऊन मधोमध आले आणि वाचायला लागले. समितीने विचार केला, समितीने ठरवलं, अमक्या विद्यापीठाच्या अधिकाराने. मग प्रबंधाचं शीर्षक. शीर्षक विद्यापीठात नोंदलेलं असतं. एकदा नोंदलं की बदलता येत नाही, आणि पदवी देताना ते पूर्ण वाचावंच लागतं. अध्यक्षांनी तो लांबलचक आकडा वाचला, आणि पुढे आलं, "... या चंचल रेडिओस्रोताच्या स्वभावाविषयी." तिथे ते थांबले. त्यांनी चष्म्यावरून आनेकाकडे पाहिलं.

या वेळी उमेदवाराने बोलायचं नसतं. आनेका बोलली. सगळ्या सभागृहाला, तिच्या वडिलांच्या मागच्या ओळींनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"तो चंचल नाही."

अध्यक्षांनी त्या दक्षिणेकडच्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली.

"नोंद घेतली," अध्यक्ष म्हणाले, आणि पदवी तिच्या हातात दिली.